पोरांचं पोट आणि मेडिकलमधली छोटी बाटली

जून लागला की आमच्या बिल्डिंगमधल्या आयांच्या ग्रुपवर एकच फोटो फिरायला लागतो, जुलाबांवर देतात ती प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला चांगल्या समजल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंची, पाच एमएलची प्लास्टिकची छोटी बाटली, आणि खाली प्रश्न, "दिवसातून किती वेळा देताय गं?" मग कुणी दोनदा म्हणतं, कुणी तीनदा, कुणी म्हणतं दुधात घालून दे, कुणी म्हणतं आमच्या डॉक्टरांनी पावडरचा पाऊच दिलाय तो जास्त चांगला. मूल किती महिन्यांचं आहे, जुलाब कधीपासून होतायत, शू नीट होतेय का, अंगावर पितंय का, हे शेवटपर्यंत कुणी विचारतच नाही. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय, फूड टेस्टिंग लॅबमध्ये काम करते, दह्यातले नि पावडरीतले जंतू प्लेटवर वाढवून मोजणं हे माझं रोजचं काम, आणि घरी दोन मुलं आहेत, त्यामुळे सगळ्या मलाच टॅग करतात. म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून ठेवूया.

मी प्रोबायोटिकच्या विरोधात अजिबात नाही, उलट हा माझा आवडता विषय आहे. पण पोरांच्या पोटाची काळजी म्हणजे मेडिकलमधून आणलेले जंतू, हे जे समीकरण होऊन बसलंय ना त्याची मला खरंच भीती वाटते, कारण त्या नादात ज्या गोष्टींनी मूल वाचतं त्या मागे पडतात.

आधी त्या बाटलीत काय असतं ते. सगळ्यात जास्त खपणाऱ्या बाटलीत बॅसिलस क्लॉसी नावाच्या जंतूचे स्पोअर असतात, पाच एमएलमध्ये २०० कोटी. स्पोअर म्हणजे झोपेतला जंतू, कडक कवच असलेला, त्याला पोटातलं ॲसिड फारसं काही करत नाही आणि उन्हाळ्यातही तो मरत नाही. पाऊचमध्ये बऱ्याचदा सॅकरोमायसिस बोलार्डी असतं, ते तर बॅक्टेरिया पण नाही, यीस्ट आहे. आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांमध्ये बहुतेक वेळा लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी. ही तिन्ही पूर्ण वेगळी आहेत, एकाचा फायदा दुसऱ्याच्या नावावर लावता येत नाही. अहो एकाच लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससमध्ये सुद्धा कितीतरी स्ट्रेन म्हणजे उपप्रकार आहेत, एकाच आडनावाची माणसं असतात तशी, एक डॉक्टर असेल म्हणून सगळ्यांकडे औषध मागायला जाता येत नाही. ऱ्हॅम्नोसस जीजी हा स्ट्रेन सगळ्यात जास्त अभ्यासलेला, ती जीजी अक्षरं गोरबाख आणि गोल्डिन या दोन शास्त्रज्ञांच्या आडनावांवरून आलीत, त्यांनी १९८० च्या दशकात तो वेगळा काढला. तर पाकिटावर नुसतं "लॅक्टोबॅसिलस" लिहिलंय आणि पुढे स्ट्रेनचं नाव, नंबर काहीच नाही, तर आत नेमकं काय आहे ते आपल्याला कळायला मार्ग नाही.

आता जुलाबांबद्दल. २०१८ मध्ये दोन मोठे अभ्यास एकदमच छापून आले, एक अमेरिकेतला, ९७१ मुलांवर, त्यात जीजी दिलं होतं, आणि एक कॅनडातला, ८८६ मुलांवर, त्यात दुसऱ्या दोन स्ट्रेनचं मिश्रण. दोन्हीकडे मुलांना इमर्जन्सीत जुलाब-उलट्यांसाठी आणलेलं, अर्ध्यांना खरं प्रोबायोटिक, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण जंतू नसलेलं. फरक काही पडला नाही. त्यानंतर २०२० मध्ये अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं तिकडच्या मुलांना साध्या जुलाबात प्रोबायोटिक देऊ नका असंच सांगितलं. युरोपातले मुलांच्या पोटाचे डॉक्टर थोडे मऊ आहेत, ते म्हणतात जीजी किंवा बोलार्डी दिलं तरी चालेल, जुलाब फार तर एखादा दिवस लवकर थांबतील. पण बॅसिलस क्लॉसी मात्र त्यांनी "शिफारस करू नका" वाल्या रकान्यात टाकलंय. म्हणजे आपल्याकडे ग्रुपवर जे सगळ्यात आधी सुचवलं जातं त्याच्यामागे पुरावा सगळ्यात कमी. ते दिल्यानं मुलाला काही होईल असं नाही म्हणत मी, पण त्याच्यावर विसंबून बसू नका एवढंच कळकळीनं सांगतेय.

कारण जुलाबात मूल दगावतं ते शरीरातलं पाणी आणि मीठ जाऊन. आतड्याला कितीही सूज आली तरी एक दार उघडं राहतं, सोडियम आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात एकत्र आले की आतडं ते दोन्ही आत ओढून घेतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. ओआरएस म्हणजे एवढंच आहे, पण काय ताकद आहे त्यात! १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासितांच्या कॅम्पमध्ये कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रमातून वाटायला लावलं, नातेवाईकांच्याच हातात दिलं, आणि मरणाऱ्यांचं प्रमाण धाडकन खाली आलं. ते २०२२ मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. माझ्या मते हे नाव प्रत्येक आईला माहीत असायला हवं.

ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घालायचं, अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासभर पाण्यात असलं काही नाही, घट्ट झालं तर उलट त्रास होतो आणि पातळ झालं तर उपयोग नाही. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० एमएल, मोठ्याला १०० ते २००, चमच्या-चमच्यानं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत हळूहळू. आणि झिंक, ते तर सगळे विसरतात. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, डॉक्टरांना विचारून, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचं, पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत जुलाब व्हायची शक्यता त्यानं कमी होते. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस म्हणून घेऊ नका प्लीज, त्यात साखर एवढी असते की जुलाब वाढतात, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, असल्या पेयांवर ओआरएस हा शब्दच वापरू नका असा आदेश काढला तो त्याचसाठी. शीतून रक्त, सहा-आठ तास शू नाही, डोळे खोल गेलेत, मूल मलूल पडलंय, प्यायलेलं सगळं उलटून टाकतंय, किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं आहे, तर ग्रुपवर विचारत बसायचं नाही, रिक्षा करायची आणि हॉस्पिटल गाठायचं.

आता तान्ही बाळं. इथे मला जरा जास्त बोलायचंय.

आईच्या दुधात लॅक्टोज आणि फॅट सोडलं तर सगळ्यात जास्त काय असतं माहितेय का, एक प्रकारच्या साखरेच्या साखळ्या, एचएमओ म्हणतात त्यांना, दीडशेहून जास्त प्रकारच्या. आणि गंमत म्हणजे बाळाला त्या पचवताच येत नाहीत, तसली एन्झाइम्सच नसतात त्याच्याकडे. मग आईचं शरीर एवढी मेहनत घेऊन ते बनवतं कशाला? तर बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियासाठी. म्हणजे दुधाचा एक हिस्सा बाळासाठी आणि एक हिस्सा बाळाच्या जंतूंसाठी. ते जंतू हे खाऊन ॲसिड तयार करतात, आतडं आंबट राहतं, मग रोग पसरवणाऱ्या जंतूंना तिथे मुक्काम ठोकता येत नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिए यांना १९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्येच हे जंतू सापडले होते. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पोटात होती मुलगी, आणि लॅबमध्ये बसून अक्षरशः डोळे भरून आले होते.

आणि आपल्या मुंबईचं या बाबतीत केवढं मोठं काम आहे हे किती जणांना माहीत नाही. आशियातली पहिली ह्यूमन मिल्क बँक आपल्या सायन हॉस्पिटलमध्ये सुरू झाली, १९८९ साली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी केली. ज्या बाळांना स्वतःच्या आईचं दूध मिळू शकत नाही, वजन कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय, त्यांना दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध. ते दूध पाश्चराइज करतात, साडेबासष्ट डिग्रीला अर्धा तास, त्यात जंतू मरतात, पण त्या साखरेच्या साखळ्या उष्णतेला दाद देत नाहीत, त्या जवळपास तशाच राहतात. म्हणजे जंतूंचं जेवण पोचतंच. ज्यांना दूध भरपूर येतंय त्यांनी हॉस्पिटलमध्ये नक्की चौकशी करा, कुणाच्या तरी बाळाच्या पोटात जाईल.

सिझरबद्दल खूप जणी मेसेज करतात, रडवेल्या होऊन. हो, सिझरनं झालेल्या बाळाच्या शीमधले जंतू सुरुवातीला वेगळे दिसतात, नॉर्मल डिलिव्हरीत आईकडून जे जंतू मिळतात ते कमी मिळतात, शिवाय आईला अँटिबायोटिक दिलेलं असतं. पण हा फरक पहिल्या वर्षात बराच भरून निघतो, आणि अंगावरचं दूध त्याला मदत करतं. सिझर झालंय म्हणून सरसकट थेंब सुरू करायचे असं काही नाही. बाळाला छातीशी उघड्या अंगानं धरा, चीक वाया घालवू नका, आणि स्वतःला दोष देणं बंद करा, ते ऑपरेशन तुम्हाला आणि बाळाला वाचवायला केलेलं असतं.

गुटीचा विषय निघणारच. आमच्या सासूबाईंनी सहाण स्वच्छ घासून ठेवलेली, वेखंड, हिरडा, मायफळ, मुरडशेंग, जायफळ, सगळं आणलेलं दादरहून, "अगं दोन-दोन वेढे फक्त, तुझ्या नवऱ्यालाही मीच दिलीय." मी त्यांना म्हटलं, आई, तुमची माया मला कळते, पण सहा महिने पाणीसुद्धा द्यायचं नाही म्हणतात, आणि सहाणेवरून एक जरी वाईट जंतू गेला तरी एवढ्याशा जिवाला पेलणार नाही. त्या काही वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, मग तेल तरी मीच लावणार. तेल, आंघोळ, शेक-शेगडी सगळं त्यांनीच केलं आणि मुलीला त्यांच्याशिवाय झोप यायची नाही. मध मात्र चाटवायचा नाही म्हणजे नाही, वर्षाच्या आत तर मुळीच नाही, मधात बोट्युलिझमच्या जंतूचे स्पोअर असू शकतात, मोठ्यांचं आतडं त्यांना वाढू देत नाही पण बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि अंग लुळं पडतं. हे खरंच गंभीर आहे, बारशाला हौस म्हणून सुद्धा नको.

मग ते संध्याकाळचं रडणं. माझ्या नणंदेचा दहिसरहून फोन, "वहिनी, हा रोज सहा वाजले की सुरू होतो, पाय पोटाशी घेतो, लाल होतो, दृष्ट काढून झाली, हिंग लावून झालं." कॉलिक म्हणतात त्याला, साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. ग्राइप वॉटर आपल्याकडे घरोघरी, ते १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी काढलं, पूर्वी त्यात अल्कोहोल असायचं, आता ते काढलंय, पण कॉलिकवर ते चालतं असा धड पुरावा आजही नाही. इथे मात्र प्रोबायोटिकला माझं मत आहे. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी, स्ट्रेन डीएसएम १७९३८, रोज पाच थेंब, यावर बरेच अभ्यास झाले, २०१८ मध्ये त्या सगळ्यांमधल्या एकेका बाळाची माहिती एकत्र करून तपासली, तर अंगावर पिणाऱ्या बाळांचं रडणं खरंच कमी झालेलं दिसलं. पावडरच्या दुधावरच्या बाळांमध्ये तसं सांगता आलं नाही. तिला मी हेच सांगितलं, बाळाच्या डॉक्टरांना स्ट्रेनचं नाव घेऊन विचार, त्यांनी हो म्हटलं तर दे, नाही दिलंस तरी हे दिवस जाणारेत, आणि रोज संध्याकाळी तासभर बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दे म्हणजे तुला श्वास घेता येईल.

दुसरी जागा जिथे मला प्रोबायोटिक पटतं ती अँटिबायोटिकची. मुलाला कान दुखला, न्यूमोनिया झाला, अँटिबायोटिक लागलं, की चांगले जंतू पण मरतात आणि शी पातळ होते. मुलांवरचे ३३ अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये पाहिलं तेव्हा प्रोबायोटिक न घेतलेल्या शंभरातल्या १९ मुलांना जुलाब झाले, घेतलेल्या शंभरातल्या ८ जणांना. हा चांगला फरक आहे. त्यात जीजी आणि बोलार्डी पुढे, डोस रोज निदान ५०० कोटींचा. बोलार्डी यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिक त्याला मारूच शकत नाही. हे यीस्ट आंरी बोलार यांना १९२३ मध्ये इंडोचायनात सापडलं, कॉलऱ्याची साथ चालू होती आणि तिथले लोक लिची-मँगोस्टीनच्या सालींचं पाणी पिऊन बरे होत होते, त्यावरून त्यांनी शोध घेतला. पण त्याच्याआधी डॉक्टरांना हे विचारायला शिका की अँटिबायोटिक लागतंच का? सर्दी-खोकला व्हायरसचा असतो. मागच्या वेळचं उरलेलं सिरप काढून देणं, मेडिकलवाल्याला लक्षणं सांगून बाटली घेणं, यानं मुलाच्या पोटातलं जे नुकसान होतं ते नंतर पाऊच देऊन भरून निघत नाही.

एक गोष्ट खूप गंभीरपणे. दिवस भरायच्या आधी झालेलं बाळ, हृदयाचा किंवा आतड्याचा मोठा आजार असलेलं, सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत नळी लावलेलं, केमो चालू असलेलं मूल, यांना स्वतःच्या मनानं कुठलंही प्रोबायोटिक नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, हॉस्पिटलांना इशारा दिला होता, वेळेआधी जन्मलेल्या एका बाळाच्या रक्तात प्रोबायोटिकमधलाच जंतू शिरला आणि ते बाळ गेलं. आणि दुसऱ्या बाजूला आपल्याच ओडिशात खेड्यांमधल्या ४,५५६ बाळांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये आला, लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम आणि जंतूंचं खाद्य असलेली साखर सात दिवस दिली, तर सेप्सिस (अंगभर पसरलेला जीवघेणा संसर्ग) किंवा मृत्यू ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण ती बाळं दोन किलोच्या वरची, अंगावर पिणारी होती, स्ट्रेन ठरलेला होता, सगळं देखरेखीखाली. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत, म्हणूनच कुठलं बाळ आणि कुठला स्ट्रेन हे बघितल्याशिवाय बोलताच येत नाही.

घरच्या जेवणाचं तर मी तासभर बोलेन. सहा महिन्यांनंतर ताजं गोड दही चमचाभर भातात कालवून खुशाल द्या, नुसतं गायीचं दूध प्यायला वर्षानंतर. घरच्या विरजणात कुठले जंतू आहेत ते माहीत नसतं, दर घरी वेगळे, त्यामुळे नियमात बसणारं प्रोबायोटिक ते नाही, त्यातले बरेचसे पोटातल्या ॲसिडमध्ये मरतात पण, तरी दही पचायला दुधापेक्षा सोपं, प्रोटीन आहे, कॅल्शियम आहे, मुलं आवडीनं खातात, अजून काय पाहिजे. इडली-आंबोळीत आंबवताना जंतू असतात, वाफेवर आणि तव्यावर मरतात, त्यामुळे त्यांना प्रोबायोटिक म्हणू नका, पण आंबवल्यानं पचायला हलकं होतं ते आहेच. आणि जंतूंना जेवण हवं असेल तर ते नाचणीच्या सत्त्वात आहे, मुगाच्या खिचडीत, ज्वारीच्या भाकरीत, रताळ्यात, वसईच्या राजेळी केळ्यात आहे. मुलाच्या आतड्यातली वस्ती साधारण तीन वर्षांपर्यंत बसत जाते, तेवढ्यात त्याला जितक्या प्रकारचं धान्य, डाळी, भाज्या मिळतील तितकं चांगलं. विकतच्या गोड प्रोबायोटिक पेयांच्या बाटलीवर साखर किती ते वाचा, जंतू किती ते वाचा, आपल्याकडे नियमाप्रमाणे दिवसाच्या सर्व्हिंगमध्ये निदान १० कोटी जिवंत हवेत. फ्रिजमध्ये ठेवा लिहिलं असेल तर मे महिन्यात दुकानदारानं ती कुठे ठेवली होती ते पण बघा, गरमीत जंतू मरतात आणि मग प्लेटवर मोजायला काही उरत नाही, हे मी रोज बघते.

आणि ज्या गोष्टीचे फोटो ग्रुपवर कुणी टाकत नाही ती म्हणजे पाणी आणि लस. तलावांचं पाणी शुद्ध करूनच सोडतात, पण पुढे जुन्या पाइपलाइनी, गटारं, आपल्या बिल्डिंगची टाकी, पावसाळ्यात कुठे काय मिसळेल सांगता येत नाही, पालिका स्वतः उकळून प्या म्हणते ते उगाच नाही. टाकी मे महिन्यात धुऊन घ्या, सेक्रेटरीच्या मागे लागा. लहान मुलांच्या जोरदार जुलाबांमागे रोटाव्हायरस मोठं कारण, त्याची लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात यायला लागली, महाराष्ट्रात २०१९ पासून, हैदराबादची रोटाव्हॅक किंवा पुण्याची रोटासिल, दोन्ही आपल्या देशात बनलेल्या, तोंडातून देतात, सुई नाही. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, पालिकेच्या दवाखान्यात फुकट. ज्यांच्या बाळाची तारीख चुकलीय त्यांनी कार्ड घेऊन या आठवड्यातच जा, पहिला डोस बाळ वर्षाचं व्हायच्या आतच देतात, त्यानंतर देत नाहीत.